तनूचा ताबा, कलम सहाप्रमाणे

१० मार्च २०२५, सोमवार. सकाळी ११.
कोर्टाचं समन्स आलं. बेलिफ थेट क्लासवरच. मी नेमका 'न्यायव्यवस्था' हाच टॉपिक घेत होतो. चाळीस पोरांसमोर सही केली. पोरांना वाटलं, सरांची कुठंतरी निवड झाली. मागच्या बाकावरून टाळ्या. मी थांबवलं नाही.

मजकूर असा: मंजुषा कडुबा गायके, स्टाफ नर्स, रा. पुंडलिकनगर, यांना घटस्फोट पाहिजे. मुलगी तनुजा, वय नऊ, हिचा ताबा पाहिजे. मुलीसाठी पोटगी पाहिजे. स्वतःसाठी काहीच मागितलेलं नाही. हा अपमान वेगळा.

घाबरायचं कारण नाही. चौदा वर्षं स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यव्यवस्था शिकवतोय. स्वतः सहा वेळा परीक्षेला बसलोय. क्लास प्रणयचा आहे, पण औरंगपुऱ्यातल्या बोर्डावर फोटो माझा आहे. मंजुषाला सलाईन कळतं, मला संविधान कळतं.

संकल्प: वकील लावायचा नाही. कौटुंबिक न्यायालयात वकील हा पक्षकाराचा हक्क नसतो, तो कोर्टाच्या परवानगीनं उभा राहतो. हे किती जणांना माहीत आहे?

११ मार्च, मंगळवार.
पार्श्वभूमी, नोंद असावी म्हणून. घर मी सोडलं. जानेवारीत. तत्त्वासाठी. फ्लॅट मंजुषाच्या नावावर आहे आणि हप्ता तिच्या पगारातून जातो, हा योगायोग. शाळेच्या गेटवर काहीतरी किरकोळ झालं होतं. त्यावरून ती बोलली, त्यावर मी बोललो, मग बॅग भरली. दोन दिवसांत तिचा फोन येईल असा अंदाज होता. दोन महिने झाले.

सध्या मुक्काम क्लासच्या मागच्या खोलीत. खुर्च्या भरपूर. व्हाइट बोर्ड आहे. गादी नाही. साधी राहणी.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी.
कायदा विकत घेतला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम. अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत अठराच्या खालचं लेकरू. दुकानदाराला वाटलं, मी स्वतःसाठी मागतोय. म्हणजे, घेतलं स्वतःसाठीच, पण त्या अर्थानं नाही.

कलम सहा उघडलं आणि उभाच राहिलो. मुलाचा आणि अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक: बाप. बापाच्या नंतर आई. पाच वर्षांखालचं लेकरू मात्र सामान्यतः आईकडं.

तनू नऊची आहे. नऊ वजा पाच, चार. म्हणजे चार वर्षांपासून ती कायद्यानं माझी आहे आणि मला कुणी कळवलंच नाही.

पुढं वाचायची गरज उरली नाही. पुस्तक मिटलं, खाली जाऊन चहा घेतला. वर क्रीमरोल.

१८ मार्च, मंगळवार.
पाचोडहून आईचा फोन. तिला सगळी केस कलमासकट समजावली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, आरं कडुबा, पर पोरीला भेटलास का? मी म्हणालो, भेट हा पुढचा टप्पा, आधी ताबा. ती म्हणाली, ताबा घ्यायला पोर का वावर हाय?

मग सहज बोलून गेली की मंजुषा दर रविवारी फोन लावती आन तनूला बोलाया देती. लई ग्वाड बोलती लेकरू.

सारजाबाई गायके, माझी सख्खी आई, समोरच्या पार्टीच्या संपर्कात आहे. लक्षात ठेवणे.

४ एप्रिल, शुक्रवार.
पहिली तारीख. टाय लावून गेलो. साडेदहापासून बसलो, पावणेदोनला चहाला उठलो, तेवढ्यात पुकारा झाला. पळत आलो. टाय खांद्यावर.

मंजुषाच्या वकील सत्यभामाबाई म्हणून आहेत. सत्तरीच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा गॉगल. कागद नाकाला लावून वाचतात. बघून बरं वाटलं. या काय माझी उलटतपासणी घेणार.

जज मॅडमसमोर सुरुवात दणक्यात केली. न्यायव्यवस्थेचा इतिहास थोडक्यात घेऊन कलम सहाकडं वळणार होतो. मॅडम म्हणाल्या, अहो गायके, आज फक्त हजेरी आहे. समुपदेशकांकडं जा.

विश्लेषण: मुद्दा इतका भक्कम होता की त्यांना वेळ पाहिजे होता.

मंजुषा हिरव्या साडीत होती. बारीक झाली आहे किंवा साडी नवीन असेल.

१७ एप्रिल, गुरुवार.
समुपदेशन. संघपाल सर. शांत माणूस. टेबलावर फाईल, बाटली आणि टिश्यू पेपरचा डबा. डब्याकडं बघून मी त्यांना सांगितलं की याची गरज लागणार नाही.

मी कलम सहा काढलं. ते म्हणाले, ते कोर्टात काढा, मला तनुजाबद्दल सांगा. म्हणालो, विचारा.

कितवीत आहे? तिसरीत. चौथीत, मंजुषा म्हणाली. वर्गशिक्षिकेचं नाव? मी म्हणालो, मराठी माध्यमाच्या शिक्षिका आहेत. मंजुषा म्हणाली, सेमी-इंग्लिश आहे. मैत्रीण कोण? कशाला घाबरते? शाळेत कशानं जाते? मी म्हणालो, सर, हे सगळं वस्तुनिष्ठ झालं, विश्लेषणात्मक काही विचारा.

ते म्हणाले, बरं. चष्मा लागला तेव्हा काय म्हणाली?

मी म्हणालो, तनूला चष्मा नाही.

मंजुषा खिडकीकडं बघत म्हणाली, फेब्रुवारीत लागला.

हसली असती तर चाललं असतं.

१८ एप्रिल, शुक्रवार.
कालचा पेपर आऊट ऑफ सिलॅबस होता.

२२ एप्रिल, मंगळवार.
मास्टरस्ट्रोक! घटस्फोटाची केस चालू असताना पोटगी फक्त बायकोच मागू शकते असं नाही. नवराही मागू शकतो. हिंदू विवाह कायदा, कलम चोवीस. मंजुषाचा पगार माझ्या दुप्पट आहे. अर्ज स्वतः टाईप केला. 'अर्जदार हा अत्यल्प उत्पन्नावर, गादीविना, खुर्च्यांच्या सान्निध्यात जीवन कंठीत आहे.' हे वाक्य लिहून माझेच डोळे भरून आले.

प्रणयला वाचून दाखवलं. तो एके काळी माझाच विद्यार्थी. म्हणाला, सर, भाषा भारी आहे, पण हे देऊ नका. व्यापारी माणूस. त्याला कायद्यातलं काय कळणार.

२ मे, शुक्रवार.
अर्जावर सुनावणी.

सत्यभामाबाईंनी पिशवीतून गुंडाळी काढली. उलगडली. आमच्या क्लासचं पोस्टर. 'दोनशे अधिकारी घडवणारे गायके सर! मराठवाड्याचा हुकमी एक्का!' माझा फोटो, हात घडीवर. बाईंनी गॉगल वर करून मॅडमना विचारलं, यातला अत्यल्प उत्पन्नाचा इसम कोणता, तेवढं दाखवावं.

मॅडमनी मला विचारलं, हे खरं की अर्ज खरा?

पोस्टर खोटं म्हटलं तर ॲडमिशन बुडतात. अर्ज खोटा म्हटलं तर मी शपथेवर. म्हणालो, मॅडम, पोस्टर हे काव्य आहे. मागं बसलेले तीन-चार अनोळखी लोक हसले. त्यांच्याही आपापल्या केसेस होत्या, तरी हसले.

अर्ज मागं घेतला. मॅडम म्हणाल्या, हातपाय धड आहेत, शिक्षण आहे, कमवा. आई कमावती असली तरी लेकराच्या खर्चातला बापाचा वाटा सुटत नाही. तनूसाठी दरमहा रक्कम ठरली. केसचा निकाल लागेपर्यंत पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत दोन तास भेट.

म्हणजे भेटीचा मुद्दा मी जिंकलो. तो मी मागितला नव्हता, मंजुषाच्या अर्जातच होता. पण मिळाला मला.

१३ मे, मंगळवार.
कोर्टाला उन्हाळी सुट्टी. भेटी जूनपासून. समोरची बाजू थकल्याची चिन्हं.

२२ मे, गुरुवार. दुपारी ३.
लेक्चरमध्ये उदाहरण म्हणून कलम सहा घेतलं. नाव न घेता. 'समजा एक बाप आहे, कर्तबगार आहे.'

विशाखा नावाच्या मुलीनं हात वर केला. लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणाली, सर, पण त्याच कायद्याचं कलम तेरा म्हणतं की लेकराचं हित सर्वांत महत्त्वाचं. नैसर्गिक पालक असला म्हणून ताबा त्यालाच असं नाही. मग सहावरून केस कशी जिंकणार?

मी म्हणालो, उत्तम प्रश्न, उद्या घेऊ.

मागच्या खोलीत येऊन पुस्तक काढलं. आहे. कलम तेरा आहे. सहाच्या पुढं सात कलमं. पानं उलटायची म्हटली तर दोन. मी त्या दिवशी क्रीमरोल खायला उठलो होतो.

२३ मे, शुक्रवार.
सावरलो. मुद्दा साधा आहे. हित महत्त्वाचं, मान्य. पण हित म्हणजे काय? शिस्त, दिशा, वाचन. हे कुणाकडं आहे? तनूसाठी टाईमटेबल केलं. साडेपाचला उठणे. योगासनं. संपादकीय वाचन. चालू घडामोडी. सात ते आठ मूलभूत हक्क. लॅमिनेट करून घेतलं.

विशाखाला सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सिलॅबसमध्ये नाही. ती म्हणाली, बरं सर. लिहून मात्र घेतलं नाही तिनं.

७ जून, शनिवार.
पहिली भेट. पाच महिन्यांनी.

खोलीत एक घसरगुंडी, चाकं नसलेली गाडी आणि भिंतीवर ससा. तनू आली. निळ्या फ्रेमचा चष्मा. मी ओळखलं. म्हणजे ओळखणारच होतो.

टाईमटेबल दिलं. तिनं प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, छान गुळगुळीत आहे. मग मी मूलभूत हक्क घेतले. समानता झाली, स्वातंत्र्यावर आलो. सांगितलं, प्रत्येकाला बोलायचा हक्क आहे. तिनं विचारलं, मला पण? म्हणालो, तुला पण. ती म्हणाली, मग पप्पा, तुम्ही जरा गप्प बसा ना, मला चित्र पुरं करू द्या.

कलम एकोणीसचा इतका चपखल वापर माझ्या एकाही विद्यार्थ्याला आजवर जमला नाही. अभिमान वाटला. सव्वा तास गप्प बसलो.

निघताना विचारलं, पप्पा, तुम्ही झोपता कुठं? म्हणालो, तीन खुर्च्या जोडून. साधी राहणी. ती बराच वेळ बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

२१ जून, शनिवार.
वीस मिनिटं उशीर झाला. पोरांच्या शंका संपत नव्हत्या. शंका सोडवताना मध्येच उठणं शिक्षकाच्या धर्मात बसत नाही.

तनू दाराशेजारच्या बाकड्यावर बसली होती. दप्तर पाठीवर तसंच. शेजारी मंजुषा, ड्यूटीच्या कपड्यात. मी कारण सांगायला लागलो. तनू म्हणाली, असू द्या पप्पा, आज वीसच मिनिटं झाली. त्या दिवशी शाळेच्या गेटवर अडीच तास झाले होते. मी मोजत होते. वॉचमन काकांनी मला बिस्किट दिलं. मग त्यांची पण सुट्टी झाली, तरी ते थांबले.

चिडून नाही बोलली. हिशोब सांगावा तसं.

त्या दिवशीही मी शंकाच सोडवत होतो. फोन सायलेंटवर होता. मंजुषा ऑपरेशन थिएटरमध्ये होती.

११ मार्चच्या नोंदीत मी 'किरकोळ' असं लिहिलंय. खोडावं का? आत्ता पान उघडून बघितलं. पेन घेतला. राहू दिलं. लिहिलं ते लिहिलं.

४ जुलै, शुक्रवार.
मॅडमनी तनूला एकटीला चेंबरमध्ये बोलावलं. आम्ही दोघं बाहेर, एका बाकाच्या दोन टोकांना. पंचवीस मिनिटं. मला खात्री होती. रक्त शेवटी रक्त असतं. आभाराचं छोटं भाषणही मनात तयार होतं.

तनू बाहेर आली, हातात चॉकलेट. आत काय झालं हे लेकराला विचारायचं नसतं. मी विचारलं नाही. फक्त भुवया वर केल्या. तिनंच सांगितलं. मॅडम म्हणाल्या कुणाकडं राहायचंय. मी म्हणाले आईकडं. मग म्हणाल्या पप्पा नाही आवडत का. मी म्हणाले, आवडतात, पण त्यांना उशीर होतो. आणि त्यांच्याकडं गादी नाही.

कोर्टात पुराव्याला महत्त्व असतं. हा पुरावा मीच दिला होता, सात जूनला.

दुपारी गादी घेतली. सिंगल. दुकानदार म्हणाला, साहेब, डबल घ्या, स्कीम आहे. म्हणालो, एकाच माणसाला लागते, चार फूट उंचीच्या. रिक्षावर बांधून आणली. क्लासच्या पोरांनी जिन्यानं वर चढवली. कुणी काही विचारलं नाही. शिकवलंय तसं वागतात पोरं.

रात्री खुर्च्यांवरच झोपलो. नवी आहे, तिच्यासाठी ठेवली.

१५ जुलै, मंगळवार.
कोर्टाच्या कँटीनमध्ये सत्यभामाबाई स्वतःहून समोर येऊन बसल्या. माझ्या बशीतले पोहे संपू दिले. मग म्हणाल्या, गायके सर, माझा नातू तुमच्याकडं होता. चांगलं शिकवता म्हणायचा. मी विचारलं, पास झाला का? म्हणाल्या, नाही झाला. पण नाव काढतो.

मग म्हणाल्या, तुम्ही लढा, मला हरकत नाही. मी अजून चार-पाच वर्षं कामावर आहे, डॉक्टर म्हणालेत. पण पोरगी तेव्हा तेरा-चौदाची असेल. पुढं भेटायला येईल का नाही, हे तेव्हा तीच ठरवेल. जज नाही आणि मी पण नाही. काय ते सहमतीनं करून घ्या.

चहाचे पैसे त्यांनीच दिले.

विश्लेषण: विरोधी पक्ष तडजोडीला आला आहे. म्हणजे आपली बाजू...

वाक्य पूर्ण सुचेना. उद्या बघू.

१६ जुलै, बुधवार.
नाही सुचलं.

२९ जुलै, मंगळवार.
संघपाल सरांकडं शेवटची बैठक. त्यांनी विचारलं, तनुजा शाळेत कशानं जाते? म्हणालो, आता पाचवीत गेली आहे, रिक्षानं जाते. रिक्षावाल्याचं नाव साहेबराव. पुढच्या सीटवर बसायला भांडते. मैत्रिणीचं नाव सांगितलं. कुत्र्याला नाही, मिक्सरच्या आवाजाला घाबरते, तेही सांगितलं.

मंजुषानं मान वर केली. विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणालो, तनूनं. दोन तासांत ती बोलते आणि मी ऐकतो, अशी पद्धत पडली आहे.

मार्क किती पडले ते सरांनी सांगितलं नाही. टिश्यूचा डबा माझ्या बाजूला सरकवला. सर्दी होती मला.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
तडजोडपत्रावर सह्या. परस्पर संमतीनं घटस्फोट, सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून कायम करायचा. तनूचा ताबा आईकडं. शाळा, दवाखाना असले मोठे निर्णय दोघांनी मिळून. खर्चातला माझा वाटा दरमहा. मला पहिला आणि तिसरा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दिवाळीची निम्मी सुट्टी.

एकूण सर्व मुद्द्यांवर मी सहमती मिळवली.

मॅडमनी विचारलं, कुणाच्या दबावाखाली तर नाही ना? दोघं एकदम 'नाही' म्हणालो. अकरा वर्षांत दोघांचं एकाच वेळी एक उत्तर आल्याचं मला आठवत नाही.

जिन्यात मंजुषानं माझा पेन परत दिला. तेव्हा बोलली. म्हणाली, तुम्ही माणूस वाईट नाहीत हो. मारलं नाही, पिलं नाही, कुठं काही भानगड नाही. बाया मला म्हणायच्या, मग सोडतेस कशाला? काय सांगायचं त्यांना? तुम्ही घरात नसायचातच. असलात तरी नसायचात.

यावर मुद्देसूद उत्तर देता येईल. अजून तयार करतोय.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी ९.३५.
तिसरा रविवार. माझा पहिला. पंचवीस मिनिटं आधीच पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर पोहोचलो. आदेश दहाचा आहे. गाडीवर बसून लिहितोय. दिवसाचं नियोजन पक्कं: दहा वीसला पाणचक्की, बारापर्यंत इतिहास. एकला जेवण. दोन ते चार वाचन. चार ते साडेपाच प्रश्नमंजूषा. पावणेसहाला निघणे. दिवस गाजवायचा.

संध्याकाळी ५.
पाणचक्कीला गेलो. जमिनीखालच्या जुन्या नहरीतून पाणी कसं येतं ते सांगितलं. पाच-सात मिनिटं ऐकलं तिनं. मग हौदातले मासे बघत बसली. मी पण बघितले. मासे मोठे आहेत. इतक्या वर्षांत कधी बघितले नव्हते.

इडली खाल्ली. चटणी तिखट निघाली, तिनं माझ्या ताटात सरकवली.

मग खोलीवर आलो. गादीवर बसून बघितलं, उड्या मारून बघितल्या, मऊ आहे म्हणाली. व्हाइट बोर्डवर ससा काढला, पुसला, मासा काढला. मी पुस्तक आणलं, तिनं चार पानं वाचली. मग खिडकीतून खालची दुकानं बघितली. मग माझ्याकडं बघितलं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

पप्पा, मला आता घरी सोडता का?

रडत नव्हती. रुसलेली नव्हती. तास संपल्यावर पोरं वही मिटतात तसं. आदेशाची झेरॉक्स माझ्या वरच्या खिशात होती. सहापर्यंत लिहिलंय त्यात. जज मॅडमच्या सहीनिशी. मी म्हणालो, आदेशात असं आहे की... आणि थांबलो. तिला विचारलं, चप्पल कुठं काढलीस?

पावणेतीनला सोडली. मंजुषानं दार उघडलं, घड्याळाकडं बघितलं, तनूच्या कपाळाला हात लावला. ताप नाही, सगळं ठीक आहे, मी म्हणालो. तनू म्हणाली, व्हय, ठीक आहे, मासे बघितले.

मी गाडी वळवली. ती परत बाहेर आली, जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओरडली, पप्पा, पुढच्या रविवारी चारपर्यंत थांबते!

पुढचा रविवार चौथा आहे. माझे पहिला आणि तिसरा.

मी बरं म्हणालो.